पेरायच्या आधी रात्र बघ

चि. रेवती हिस,


तुझा निरोप पोचला. दुपारी वावरात उभं राहवत नाही इतकं ऊन आहे, शेजारच्या रानात भुईमूग पेरूनही झाला, आपलं बियाणं घरात येऊन पडलंय आणि तुला वाटतंय की आपण मागे पडलो. ‘आत्या, उद्या तिफण धरू का?’ असं तू विचारलंस. ‘थांब’ एवढं एका शब्दात सांगून मी मोकळी झाले असते. पण मग तू या वर्षी थांबली असतीस आणि पुढच्या माघात पुन्हा मलाच विचारलं असतंस. थांबायचं ते कशासाठी, किती आणि थांबताना करायचं काय, हे तुझं तुला कळलं पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते. हे पत्र उघड लिहिते, कारण शिक्षण आटोपून किंवा शहरातली नोकरी सोडून गावी आलेली, पहिल्यांदाच रान हाती घेतलेली तुझ्यासारखी मुलं-मुली आता आपल्या परभणी-हिंगोलीकडे गावोगाव दिसतात. याच दिवसांत त्यांच्याही मनात हाच प्रश्न असणार.

खरिपाची पेरणी सगळं गाव मिळून करतं. मृगाचा पाऊस पडला की घरोघरच्या तिफणी एकाच वेळी निघतात, आणि कुणी अंदाज चुकवला तरी तो सगळ्यांसोबत चुकतो. माघ-फाल्गुनातली पेरणी ज्याची त्याला एकट्यानं ठरवावी लागते. आभाळातून कुणी सांगावा धाडत नाही. विहिरीत पाणी असलं की पेरता येतं, म्हणून कधीही पेरलं तरी चालतं असा समज होतो. त्यातच एका बाजूला ज्वारी, हरभरा, गहू, हळद काढणीला आलेली असते आणि दुसऱ्या बाजूला उन्हाळी पीक जमिनीत घालायचं असतं. एकाच हवेवर दोन्ही कामं अवलंबून असतात आणि एकाला जी हवा चांगली ती दुसऱ्याला वाईट ठरते. म्हणून हे दोन महिने मला वर्षातले सगळ्यांत अवघड महिने वाटतात.

आधी भुईमुगाचं बघू. दुपारचं ऊन बघून तुझा जीव खालीवर होतोय, पण बी फक्त दुपारी जमिनीत नसतं. ते रात्रभर तिथंच असतं. आपल्याकडे जानेवारीच्या शेवटी दुपारी पारा तिशीला टेकतो आणि त्याच रात्री बारा-तेरा अंशांवर उतरतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला. दिवसभर साठलेली ऊब जमीन रात्री आभाळात सोडून देते. पाच सेंटिमीटर खाली पेरलेल्या शेंगदाण्याला मिळते ती या दोन्हींच्या मधली ऊब, आणि ती पुरेशी आहे की नाही हे ठरतं पहाटे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत उन्हाळी भुईमुगासाठी 15 जानेवारी ते 15 फेब्रुवारी हा काळ दिलेला असतो आणि त्याला एक अट जोडलेली असते: रात्रीचं तापमान 18 अंशांच्या वर गेलेलं असावं. तारखा सगळ्यांच्या लक्षात राहतात, अट मात्र मागे पडते.

थंड जमिनीत बी पडलं तर काय होतं ते समजून घे. ओल असल्यामुळे दाणा पाणी पितो, फुगतो, पण कोंब बाहेर काढण्याइतकी ऊब त्याला मिळत नाही. एरवी आठवडाभरात वर येणारं रोप पंधरा दिवस जमिनीतच अडकून बसतं. भुईमुगाच्या दाण्याची साल पातळ, आत तेल आणि प्रथिनं भरपूर. जमिनीतल्या बुरशीला आणि मुंग्यांना यापेक्षा चांगलं काय हवं? काही दाणे कुजतात, काही उगवतात, काही मागाहून उगवतात. तासात नांग्या पडतात त्या दिसतात तरी. त्याहून मोठं नुकसान दिसत नाही. मागेपुढे उगवलेलं पीक मागेपुढे फुलतं, मागेपुढे आऱ्या सोडतं, आणि उपटायच्या दिवशी एकाच रानात निम्म्या शेंगा पक्व तर निम्म्या कोवळ्या निघतात. एकरी 40 ते 50 किलो बी जातं. उन्हाळी भुईमुगाच्या खर्चातला मोठा वाटा बियाण्याचाच असतो. नांग्या भरायला पुन्हा बी आणि पुन्हा मजूर लागतात, आणि भरलेली नांगी मूळ पिकाला कधीच गाठत नाही.

मग महिनाभर थांबून मार्चातच का पेरू नये? तर या खिडकीला दुसरी कडाही आहे. टीएजी-24 किंवा एसबी-11 सारखं उपट्या वाण उन्हाळ्यात साधारण 115 ते 120 दिवस घेतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरलं तर मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत उपटायला येतं. मार्चच्या सुरुवातीला पेरलं तर जूनअखेर, म्हणजे भर पावसात. या उपट्या वाणांच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसतेच. शेंग पक्व झाली आणि जमिनीत ओल मिळाली की दाणा तिथंच, शेंगेच्या आत, मोडावतो. मग उपटून काय करायचं? शिवाय फुलोरा आणि आऱ्या सुटण्याचा काळ जितका मे महिन्याकडे सरकतो तितकी फुलं कडक उन्हानं वाया जातात, आणि वरून कडक झालेल्या जमिनीत आऱ्या घुसत नाहीत. आरी जमिनीत गेली तरच शेंग धरते, हे तर तुला माहीतच आहे. म्हणजे अलीकडे थंडी, पलीकडे ऊन आणि पाऊस, आणि मधे मोजके दिवस. ते दिवस ओळखायला शिकणं हीच उन्हाळी शेतीतली खरी कसोटी आहे.

आता म्हणशील, ओळखायचे कसे? तुझी आजी सांगायची की महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, आणि होळी पेटली की उरलीसुरली जाते. या म्हणण्यात अनेक पिढ्यांचा अनुभव आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण पेरणीची तारीख त्यावर बांधता येत नाही. आपले सण चंद्राच्या हिशेबानं येतात आणि थंडी सूर्याच्या हिशेबानं जाते. महाशिवरात्र 2022 मध्ये 1 मार्चला होती, 2023 मध्ये 18 फेब्रुवारीला, 2024 मध्ये 8 मार्चला आणि 2025 मध्ये 26 फेब्रुवारीला. पेरणीच्या खिडकीत आठ-पंधरा दिवसांनी सगळा फरक पडतो आणि इथं सणच अठरा-वीस दिवस मागेपुढे झुलतो. आपल्या जुन्या माणसांनाही हे कळत होतं. म्हणून तर खरिपाच्या पेरणीसाठी त्यांनी तिथी धरली नाही, सूर्याची नक्षत्रं धरली. मृग दरवर्षी 7-8 जूनलाच लागतो. उन्हाळी पेरणीसाठी असं पक्कं नक्षत्र त्यांनी ठेवलेलं मला ठाऊक नाही. तिथं मातीच बघावी लागते.

माती बघायची म्हणजे नेमकं काय, ते सांगते. बातम्यांत जे किमान तापमान सांगतात ते वेधशाळेतल्या, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवरच्या पांढऱ्या जाळीदार पेटीतलं असतं. ते खरंच असतं, पण ते तुझ्या वावराचं नसतं. एल. ए. रामदास नावाचे फार मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग 1932 मध्ये सुरू झाला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. त्याच वर्षी त्यांनी आणि आत्मनाथन यांनी दाखवून दिलं की निरभ्र, निवांत रात्री उघड्या रानात सगळ्यांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते. ती वीतभर ते हातभर उंचीवर असते. जगभरच्या शास्त्रात तो थर आज त्यांच्या नावानं ओळखला जातो. त्यांच्या कामातून मी एक गोष्ट उचलली आहे: हवेचं तापमान एक, जमिनीलगतचं दुसरं आणि जमिनीच्या आतलं तिसरं. बी पेरणाऱ्याला तिसरं लागतं.

ते मोजणं अवघड नाही. मातीत खुपसायचा तापमापक कृषी साहित्याच्या दुकानात मिळतो. कृषी हवामान केंद्रांत मातीचं तापमान सकाळी 7 आणि दुपारी 2 वाजता, 5, 10 आणि 20 सेंटिमीटर खोलीवर घेतात. तू फक्त सकाळचं, 5 सेंटिमीटरवरचं घे. पहाटेच्या हवेपेक्षा ही माती सहसा थोडी उबदार असते, त्यामुळे नुसता बातमीतला आकडा बघून घाबरायचं कारण नाही. माझा स्वतःचा नियम असा आहे: सकाळची माती सलग चार-पाच दिवस 18 च्या वर राहिली आणि पुढच्या आठवड्याच्या अंदाजात थंडीची लाट नसली, की तिफण धरायची.

आणि शेजारी चुकला असं मनात आणू नकोस. त्याचं रान माळाचं, हलकं, मुरमाड. तिथं पाणी कमी साठतं, त्यामुळे माती उन्हानं लवकर तापते. आपलं ओढ्याकाठचं वावर काळं, खोल, पाणी धरून ठेवणारं. इतकं पाणी तापायलाच वेळ जातो. त्यात रात्रीची थंड हवा जड असते, ती उतारानं वाहत येऊन ओढ्याकडेच साचते. पहाटे माळावरून ओढ्याकडे चालत ये, पायांना फरक कळेल. एकाच गावात, एकाच आठवड्यात, त्यानं पेरावं आणि तू थांबावं हे दोन्ही बरोबर असू शकतं. तुझ्याकडेही माळाला लागून तुकडा आहेच. तो आधी पेर, ओढ्याकाठचा मागून. दोन टप्प्यांत पेरलं की काढणीलाही मजूर एकदम लागत नाहीत. सगळं रान एका दिवसात पेरून हातावेगळं करण्याचा मोह आवर.

‘पण आत्या, आता फेब्रुवारी पहिल्यासारखा थंड राहिलाच कुठे?’ असं तू म्हणशील, आणि ते खरंही आहे. 1901 पासूनच्या नोंदींत देशाचा सर्वांत उष्ण मार्च 2022 चा होता. त्या वर्षी उत्तरेत गव्हाचा दाणा भरायच्या वेळी ऊन आलं, उतारा घटला आणि मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. 2025 चा फेब्रुवारी सरासरी तापमानात तोवरचा सर्वांत उष्ण ठरला. म्हणून पेरणी सरसकट अलीकडे ओढावी असा निष्कर्ष मात्र काढू नकोस. महिन्याची सरासरी वाढली तरी मधल्या चार थंड रात्री कुठे जात नाहीत. उत्तरेत पश्चिमेकडून येणारी वादळी प्रणाली सरकते, हिमालयात बर्फ पडतं, आणि ती पुढे गेली की तिच्या मागून कोरडे, गार उत्तरी वारे दोन-तीन दिवसांत आपल्याकडे उतरतात. असा एखादा झोत फेब्रुवारीच्या मध्यालाही येतो. नेमकं त्याच आठवड्यात बी जमिनीत फुगत असेल तर सरासरी तुझ्या मदतीला येत नाही. उलट मार्चात ऊन लवकर चढू लागल्यानं पलीकडची कडा जवळ आली आहे. खिडकी पुढे-मागे सरकली म्हणण्यापेक्षा ती अरुंद झाली आहे असं मला वाटतं, आणि अरुंद खिडकीतून जायचं तर तयारी आधीच हवी.

म्हणूनच म्हणते, थांबणं म्हणजे बसून राहणं नाही. या आठ दिवसांत पुष्कळ काम आहे. घरातल्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळ, घरात उबदार जागी ठेव आणि किती उगवतात ते बघ. सत्तरच्या खाली असतील तर बी बदल, किंवा प्रमाण वाढव. शेंगा फोडायच्या असतील तर हातानं फोड आणि पेरणीच्या तोंडावर फोड. फार आधी फोडलेल्या दाण्याची उगवण उतरते. बीजप्रक्रियेचं साहित्य आणून ठेव: आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू संवर्धक, सावलीत सुकवून लगेच पेरणी. जिप्सम आत्ताच आण. ते निम्मं पेरणीच्या वेळी आणि निम्मं आऱ्या सुटताना द्यायचं असतं, आणि ऐनवेळी शोधायला निघालं की मिळत नाही. तिफणीचे फण बघून घे, 30 सेंटिमीटरचं अंतर बरोबर आहे का ते मोज. जमत असेल तर काळ्या रानात रुंद वरंबे पाड. वरंब्यावरची माती पाण्याचा निचरा लवकर करते आणि सपाट रानापेक्षा लवकर तापते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वाफसा. काळ्या जमिनीत यासारखी दुसरी गोष्ट नाही. रान ओलवायचं, आणि मग मातीच्या पोकळ्यांत पाणीही राहील आणि हवाही खेळेल अशी अवस्था येईपर्यंत थांबायचं. मूठभर माती घेऊन लाडू वळ आणि कंबरेच्या उंचीवरून खाली सोड. तो चिखलासारखा थापला गेला तर रान अजून ओलं आहे, भुगा होऊन उधळला तर वाळलं आहे, आणि चार-सहा तुकडे झाले तर तिफण धर. ओल्या रानात औत घातलं की ढेकळं निघतात आणि ती वाळून दगडासारखी होतात. ट्रॅक्टरच्या चाकाखाली माती दबते आणि मुळं तिथं जाऊन थांबतात. वर्षभराची घाण आपण एका सकाळच्या घाईनं करून ठेवतो. थंडीत वाफसा उशिरा येतो, कारण पाणी उडायला ऊन-वारा पुरत नाही. जूनमध्ये दोन दिवसांत येणारा वाफसा आत्ता पाच-सहा दिवस घेईल. तेव्हा रान ओलवायचा दिवस ठरवताना हेही धर. पेरणीनंतर चार-पाच दिवसांनी हलकी आंबवणी दे, पण थंडी परतलेली दिसली तर पाण्याची घाई करू नकोस. ओल्या मातीतलं पाणी उडताना मातीची ऊब घेऊन जातं.

उभ्या पिकाला मात्र हेच पाणी थंडीत आधार देतं. ओली जमीन दिवसभरात जास्त ऊब साठवते आणि विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं. कडाक्याची रात्र येणार असेल तर भाजीपाल्याला, उशिराच्या गव्हाला संध्याकाळी हलकं पाणी दे. एकाच पाण्याचा एकाच रात्री बियाण्याला त्रास होतो आणि रोपाला आसरा मिळतो. शेतीत ‘हे चांगलं, ते वाईट’ असं एका ओळीत सांगता येत नाही ते यामुळे.

आता दुसऱ्या बाजूचं. तुझं सगळं लक्ष पेरणीकडे आहे, पण या दिवसांत मला जास्त धास्ती काढणीची वाटते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर जमीन तापू लागते. बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारा आत येतो, पश्चिमेकडून कोरडा येतो, आणि दोन्हींची गाठ बऱ्याचदा मराठवाडा-विदर्भावर पडते. खाली तापलेली ओलसर हवा आणि वर खूप थंड हवा असली की दुपारनंतर ढग उभे चढत जातात, त्यांच्या पोटात पाण्याचे थेंब गोठतात, आणि गारा पडतात. 2014 चं साल मला विसरता येत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यातल्या 28 जिल्ह्यांत गारपीट झाली. काढणीला आलेला गहू झोपला, हरभऱ्याचे घाटे रानात फुटून पसरले, ज्वारीची कणसं काळी पडली, मोसंबी-द्राक्षांच्या बागा सोलून निघाल्या. कष्ट सगळे झालेले होते, खर्च सगळा झालेला होता, फक्त माल घरात यायचा राहिला होता. म्हणून या महिन्यांतलं नुकसान जूनच्या नुकसानीपेक्षा जास्त जिव्हारी लागतं.

त्यावर आपल्या हातात काय आहे? गार आपल्या हाती नाही, पण माल रानात किती दिवस पडून राहतो ते पुष्कळसं आपल्या हाती आहे. हरभरा वाळला की ‘दोन दिवसांनी बघू’ म्हणू नकोस. पहाटे दव असताना काढ, म्हणजे घाटे फुटत नाहीत, आणि ऊन चढताच ढीग झाकायची सोय जवळ ठेव. ज्वारी काढून पेंढ्या बांधल्या की बनीम उंचवट्यावर लाव, कणसं आत, बुडखे बाहेर. कडबा भिजून काळा पडला तर जनावरं तोंड लावत नाहीत, आणि आपल्याकडे मालदांडीच्या कडब्याला दाण्याइतकाच मान आहे. हळदीचं तर आणखी जपावं लागतं. शिजवून वाळत घातलेली हळद एकदा भिजली की रंग उतरतो, बुरशी धरते आणि मोंढ्यात भाव पडतो. आभाळ भरून येण्याचा अंदाज असेल तर तेवढे दिवस शिजवणीच थांबव; कच्चा कंद जमिनीत किंवा सावलीच्या ढिगात चार दिवस जास्त टिकतो, शिजलेला टिकत नाही. ताडपत्री घरात नको, आखाड्यावर, हाताशी असू दे.

अंदाजासाठी एक सवय लाव. ग्रामीण कृषी मौसम सेवेचा जिल्ह्याचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातूनही आपल्या भागासाठी तो निघतो. मेघदूत ॲपवर तो वाचता येतो. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, वारा, आर्द्रता, आणि पिकावर काय करावं हे सगळं त्यात असतं. गार नेमकी कुठल्या गावावर पडेल हे पाच दिवस आधी कुणी सांगू शकत नाही. ते त्या दिवशी, काही तास आधीच कळतं. म्हणून दोन्ही वाचायचे: आठवड्याचं काम आखायला मंगळवार-शुक्रवारचा सल्ला, आणि त्या दिवशीचा माल झाकायला त्या दिवशीचा इशारा. विजेसाठी दामिनी ॲप आहे. रेवती, ढग गडगडू लागले की सगळी कामं सोडून आधी बायांना घेऊन पक्क्या घरात जा. लिंबाखाली, आंब्याखाली कुणालाही उभं राहू देऊ नकोस. माल पुन्हा पिकतो.

बायांचा विषय निघालाच आहे तर आणखी सांगते. मार्चच्या उन्हात हळद गोळा करायला वाकून बसणं किती जिवावर येतं ते मला माहीत आहे. काम सकाळी उजाडताच सुरू कर, अकराला थांबव, उन्हं कलल्यावर पुन्हा दोन तास घे. सावली आणि माठ रानात असू दे. पेरणीला, काढणीला आणि हळदीला एकाच आठवड्यात मजूर हवे असतात, तेव्हा जिच्याकडे माणसांना बरं वाटतं तिच्याकडे ती आधी येतात. वेळ साधण्याचा हाही एक भाग आहे आणि कुठल्याही हवामान अंदाजात तो सापडत नाही.

अवकाळी आला तर सगळंच गेलं असंही समजू नकोस. ज्या रानातली ज्वारी-हरभरा निघून गेला आहे त्या रानाला तो पाऊस वरदान आहे. काळी जमीन एरवी मार्चात इतकी टणक होते की नांगर वरवर घसरतो. चांगली सर पडली आणि वाफसा आला की लगेच नांगरट करून घे. ढेकळं उन्हात तापली की किडीचे कोष आणि हराळी-कुंद्याच्या गाठी मरतात, आणि मृगाचं पाणी खोल मुरतं.

आणि समजा, फेब्रुवारीचा मध्य उलटला, थंडी लांबली, ओढ्याकाठचा तुकडा तसाच राहिला, तर? तर तिथं भुईमुगाचा हट्ट सोड. उन्हाळी मूग फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पेरता येतो आणि 60 ते 70 दिवसांत निघतो, म्हणजे पावसाआधी घरात. त्याचं बेवड जमिनीलाही चांगलं. विहिरीतलं पाणी मे महिन्यापर्यंत पुरणार नाही असं दिसत असेल तर तो तुकडा नांगरून मोकळा ठेव, सोयाबीनला कामी येईल. हाती दोन पर्याय असले म्हणजे माणूस घाई करत नाही. घाई तोच करतो ज्याच्याकडे एकच पर्याय असतो.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. एक जाड वही घे. रोज सकाळी मातीचं तापमान लिही, माळाकडचं वेगळं, ओढ्याकडचं वेगळं. दव पडलं का, धुई होती का, वारा कुठला, रान कधी ओलवलं, वाफसा कितव्या दिवशी आला, बी कधी पेरलं, कितव्या दिवशी तासं दिसली, पहिलं फूल कधी आलं, उपटणी कधी झाली आणि एकरी किती पोती निघाली. हवामान खातं जिल्ह्याचं सांगेल, विद्यापीठ विभागाचं सांगेल, मी माझ्या रानाचं सांगेन. तुझ्या ओढ्याकाठच्या वावराचं सांगणारं आजवर कुणी नाही. ते तूच लिहायचं आहेस. चार-पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की तुला माझ्या पत्राची गरज राहणार नाही, आणि हवा बदलतेय म्हणजे तुझ्या रानात नेमकं काय बदलतंय हे तू आकड्यांनिशी दाखवू शकशील. आपल्या घरात आजवर पुरुषांनी पेरलं आणि बायांनी लक्षात ठेवलं. तू पेरतेही आहेस आणि लिहितेही आहेस, याचा मला फार अभिमान आहे.

तेव्हा उद्या तिफण नको. उद्या तापमापक आण, शंभर दाणे गोणपाटात घाल आणि हरभऱ्याला बाया सांगून ठेव. मातीचा आकडा मला कळव, पण पेरणीचा दिवस तूच ठरव. दादाला आणि वहिनींना नमस्कार, लहानग्यांना गोड पापे.

तुझी,
आत्या